रेडिओवरची हरवलेली गिटार आणि ती घरी टेप करणारी माणसं

मार्च १९६९ मध्ये लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडने बीबीसीच्या वर्ल्ड सर्व्हिससाठी एक छोटंसं सेशन केलं, म्हणजे स्टुडिओत जाऊन खास रेडिओसाठी वाजवलं. अॅलेक्सिस कॉर्नर नावाचा गिटारवाला तिथे ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ हा कार्यक्रम करायचा, त्याच्यासाठी. तीन गाणी. एप्रिलमध्ये ती रेडिओवर लागली आणि नंतर कधीतरी बीबीसीकडची टेप गायब झाली. त्यातलं ‘सनशाइन वुमन’ त्यांनी पुढे कुठल्याच अल्बमवर घेतलं नाही, म्हणजे त्या दिवशी ज्यांनी रेडिओ लावला होता तेवढ्यांनीच ते ऐकलं, बाकी जगाच्या लेखी बँडचा गिटारवाला, पंचविशीतल्या जिमी पेजने वाजवलेलं ते गाणं झालंच नाही. पण कुणीतरी आपल्या घरी रेडिओवरून ते टेप करून ठेवलं होतं. आवाज गढूळ आहे, खरखर आहे, आणि तरी २०१६ मध्ये बँडने स्वतःच बीबीसीच्या सेशन्सचा पूर्ण संच काढला, पेजच्याच देखरेखीखाली, तेव्हा त्यात ही घरगुती टेपच घालावी लागली कारण दुसरं काही नव्हतंच.

आता बघा, प्रत्येक कॅसेटच्या, सीडीच्या मागे बारीक अक्षरात जे करू नका म्हणून दम दिलेला असतो, जवळपास तेच त्या माणसाने केलं होतं. आणि ते केलं म्हणून बँडला स्वतःचंच गाणं परत मिळालं.

माझं म्हणणं एवढंच आहे की जे एकदा सगळ्यांसाठी रेडिओवर वाजलं त्याचं पुढे काय करायचं हे फक्त स्टेशनने किंवा कंपनीने ठरवू नये. ऐकणाऱ्याचाही त्यावर थोडा हक्क असतो. आणि घरी बसून टेप करणाऱ्यांना चोर म्हणायचं सोडून त्यांच्याकडचा माल परत घ्यायची सोय करा, तोही ‘कुठून आणलास’ असं न विचारता.

मुळात हे सगळं हरवलं कसं ते आधी बघू, कारण लोक लगेच ‘बीबीसीवाले मूर्ख’ म्हणून मोकळे होतात आणि ते काही खरं नाही.

१९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मोठ्या नेटवर्कची भूमिकाच होती की रेडिओ म्हणजे लाइव्ह, आधी रेकॉर्ड केलेलं वाजवायचं नाही. पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या वेळेत तीन तासांचा फरक, म्हणून मोठे कलाकार एकच कार्यक्रम दोनदा करायचे, एकदा इकडच्यांसाठी आणि परत तीन तासांनी तिकडच्यांसाठी. त्या काळात बिंग क्रॉस्बी या लोकप्रिय गायकाच्या मागे गिटार धरून एडी लँग असायचा. जॅझमधला गिटारचा पहिला मोठा माणूस हाच, त्याच्या आधी बँडमध्ये बँजो खणखणायचा आणि गिटारला कोण विचारत नव्हतं. १९३३ मध्ये टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर तो गेला, वय फक्त ३०. त्याच्या रेकॉर्ड आहेत, जो व्हेनुटीच्या व्हायोलिनबरोबरच्या तर अफाट आहेत, पण क्रॉस्बीबरोबर तो रेडिओवर आठवड्यामागून आठवडे जे वाजवत होता त्यातलं फारच थोडं शिल्लक आहे. ते कुणी पुसलं नाही, ते धरून ठेवलंच नव्हतं. आणि पुढे याच क्रॉस्बीने लाइव्हच्या कटकटीला वैतागून महायुद्धानंतर अॅम्पेक्स नावाच्या छोट्या कंपनीच्या टेप मशीनमध्ये ५०,००० डॉलर घातले! अमेरिकेत रेडिओ टेपवर आला त्यात या पैशाचा मोठा वाटा. क्रॉस्बीने एक मशीन लेस पॉल या गिटारवाल्याला दिलं, त्याने त्यात एक जादा हेड (टेपवरचा आवाज वाचणारा-लिहिणारा भाग) बसवून स्वतःच आधी वाजवलेल्या गिटारवर दुसरी गिटार चढवायला सुरुवात केली आणि पुढचं सगळं रेकॉर्डिंगचं जग बदलून गेलं. एका गिटारवाल्याचं वाजवणं टेप नव्हती म्हणून हरवलं आणि दुसरा टेप आली म्हणून घडला, आणि दोघांच्या मध्ये गायक एकच.

बीबीसीची गोष्ट वेगळी. तिथे टेप होत्या, पण महाग होत्या, परत परत वापरायच्या असायच्या, आणि वादकांच्या युनियनशी करार होते. हे करार नीट समजून घेण्यासारखे आहेत. युनियनचं म्हणणं असं की तुम्ही दिवसभर रेकॉर्ड लावत बसलात तर आमची माणसं खाणार काय, म्हणून रेडिओवर रोज किती तास रेकॉर्ड वाजवायच्या त्याला मर्यादा होती. उरलेला वेळ भरायला बीबीसीला खऱ्या माणसांना स्टुडिओत बोलवावंच लागायचं. १९६७ मध्ये रॉक गिटारवाला जिमी हेंड्रिक्स बीबीसीच्या स्टुडिओत जाऊन परत परत वाजवत होता ना, त्यामागे हेही एक कारण. कॉर्नरच्याच कार्यक्रमात त्याने ‘हूची कूची मॅन’ वाजवलं आणि कॉर्नर स्वतः स्लाइड गिटार घेऊन त्याच्या बाजूला बसला, हे त्या नियमामुळे झालं असं म्हटलं तरी चालेल. आणि परत, त्याच करारांमुळे एकदा वाजलेलं सेशन वाटेल तितक्या वेळा पुन्हा लावता यायचं नाही, पुन्हा लावायचं तर पुन्हा पैसे, मग ती टेप कपाटात ठेवून करायचं काय? पुसा आणि उद्याच्या कामाला घ्या. ज्या नियमाने ती मैफल घडवली त्याच नियमाने ती पुसायला लावली. म्हणून मी टेप पुसणाऱ्या त्या क्लार्कला शिव्या घालत नाही, युनियनला तर नाहीच नाही. पोटाचा प्रश्न होता आणि तो खरा होता.

पण मग वाचलं ते कुणामुळे वाचलं? प्रत्येक वेळी तपासा, एखादा वेडा माणूस निघतो.

न्यूयॉर्कमध्ये बिल सॅव्हरी नावाचा साउंड इंजिनियर होता. १९३५ ते १९४० च्या आसपास त्याने रेडिओवरचं जॅझ तबकड्यांवर कोरून ठेवलं, हजाराच्या जवळपास तबकड्या, शंभर तासांहून जास्त संगीत. बाजारातली रेकॉर्ड तीन मिनिटांत संपायची, म्हणून स्टुडिओत सोलो वाजवायचा म्हणजे घड्याळाकडे बघत. सॅव्हरीकडे मोठ्या तबकड्या होत्या, संथ फिरणाऱ्या, त्यामुळे रेडिओवर माणूस मोकळा होऊन वाजवत सुटला तर तो अख्खा त्यात मावायचा. सॅक्सोफोनवाला कोलमन हॉकिन्स याचं ‘बॉडी अँड सोल’ रेकॉर्डवर तीन मिनिटांचं, सॅव्हरीकडचं त्याच्या दुप्पट. (या माणसाने पुढे क्लॅरिनेटवाला बेनी गुडमन याच्या जॅझ बँडमधल्या गायिकेशी, हेलन वॉर्डशी लग्न केलं, म्हणजे छंद किती खोलवर गेला होता बघा.) २००४ मध्ये तो वारला. २०१० मध्ये हार्लेमच्या नॅशनल जॅझ म्युझियमने ते सगळं त्याच्या मुलाकडून मिळवलं, आणि मग काय झालं? हक्कांचा घोळ. कोणाची परवानगी, कोणाचे वारस, कोणती कंपनी. बरीच वर्षं हे ऐकायचं तर म्युझियममध्ये जाऊन बसायचं. २०१६ मध्ये कुठे त्यातला थोडा भाग इंटरनेटवर विकायला आला.

या तबकड्या म्हणजे तुमच्या आमच्या घरातल्या काळ्या रेकॉर्ड नव्हेत हे इथे सांगायला पाहिजे. अॅल्युमिनियमचा पत्रा आणि त्याच्यावर लाखेसारखा एक थर, सुई त्या थरात खाच पाडत जायची. काही वर्षांनी त्या थरातलं तेल सुटून वर पांढरी भुकटी येते, थर आकसतो, भेगा पडतात आणि मग खपली निघावी तसा तो पत्र्यावरून सुटतो. युद्धात अॅल्युमिनियम मिळेना म्हणून काचेवर थर दिलेल्या तबकड्या आल्या, त्या तर हातातून पडल्या की खेळ खल्लास. टेपचीही कथा काही बरी नाही. सत्तरच्या दशकातल्या चांगल्या चांगल्या ब्रँडच्या टेप आता चिकट झाल्यात, मशीनवर लावल्या की हेडला काळं राप चढतं आणि आवाज घुसमटतो, म्हणून त्या आधी पन्नासेक अंश तापमानाला कित्येक तास ओव्हनमध्ये भाजून घ्याव्या लागतात आणि मग चार दिवस वाजतात तेवढ्यात कॉपी करून घ्यायची. म्हणजे हक्कांचा घोळ सुटेपर्यंत थांबू म्हणणाऱ्यासाठी माल थांबणार नाही.

अमेरिकेच्या कायद्याचं तर काय बोलावं. २०१८ मध्ये तिथे नवा कायदा झाला आणि त्यात १९५७ ते फेब्रुवारी १९७२ मधल्या रेकॉर्डिंगचे हक्क सरसकट २०६७ पर्यंत धरून ठेवलेत. २०६७! तोवर ती ऐकलेली माणसं जाऊ द्या, त्यांची नातवंडं पेन्शनीत निघतील.

चार्ली ख्रिश्चनचं उदाहरण मला सगळ्यात जास्त लागतं. ऑगस्ट १९३९ मध्ये हा पोरगा बेनी गुडमनकडे आला, इलेक्ट्रिक गिटार घेऊन, त्याच महिन्यात सिगारेट कंपनीच्या पैशावर चालणाऱ्या ‘कॅमल कॅरॅव्हॅन’ या रेडिओ कार्यक्रमात वाजवायला लागला, आणि मार्च १९४२ मध्ये क्षयाने गेला. वय २५. पुरती तीन वर्षंही मिळाली नाहीत. एवढ्यात त्याने गिटारला बँडच्या मागच्या रांगेतून उठवून सॅक्सोफोनच्या शेजारी आणून बसवलं. गुडमनच्या अधिकृत रेकॉर्डवर त्याचा सोलो सुरू होतो न होतो तोच संपतो. रेडिओवरून उतरवून घेतलेल्या तबकड्या आहेत म्हणून तेच गाणं त्याने पुढच्या आठवड्यात वेगळं कसं वाजवलं हे कळतं. आणि मिंटन्स नावाच्या क्लबात जेरी न्यूमन हा कोलंबिया विद्यापीठातला विद्यार्थी १९४१ मध्ये स्वतःचं मशीन घेऊन जायचा (हे रेडिओ नव्हे, पण वेड तेच), तिथे ख्रिश्चन एकामागून एक आवर्तनं घेत सुटलेला ऐकू येतो आणि तेव्हा समजतं की रेकॉर्ड कंपनीने आपल्याला या माणसाची नुसती चव दिली होती. बीबॉप हा जॅझचा वेगवान नवा प्रकार कुठून आला ते या न्यूमनच्या तबकड्या ऐकल्याशिवाय नीट सांगताच येत नाही. एका कॉलेजच्या पोराच्या हौसेवर अख्ख्या संगीत प्रकाराचा इतिहास उभा आहे. यंत्रणेला आपण श्रेय द्यायचं ते कशाबद्दल?

आता विरुद्ध बाजू. ती पोकळ नाहीये, म्हणून नीटच बघतो.

पहिली हरकत कलाकाराची. लाइव्ह म्हणजे चुका होणारच, तार उतरते, सूर निसटतो, आणि वाजवणाऱ्याला तो क्षण तिथेच संपावा असं वाटू शकतं. त्याने एका रात्रीसाठी वाजवलं, पुढच्या शंभर वर्षांसाठी नाही. हे मला पटतं, जिवंत कलाकार नको म्हणाला तर नको, विषय संपला. पण गेलेल्या माणसाच्या नावाने परवानगी अडवणारे बहुतेक वेळा त्याच्या सुरांची काळजी करत नसतात, ते हिशोबाची काळजी करत असतात. आणि हिशोबाची काळजीही करा ना, पण मग हिशोब करा, नुसती अडवणूक नको.

दुसरी हरकत जास्त टोचते. हरवलेलं असतं ते सगळं आठवणीत भारीच होऊन बसतं. ‘अहो तुम्ही ऐकायला पाहिजे होतं, काय वाजवलं होतं त्या दिवशी!’ असं म्हणणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, त्यामुळे मैफल दरवर्षी थोडी थोडी मोठी होत जाते. ‘सनशाइन वुमन’च घ्या. इतकी वर्षं त्याचं केवढं नाव होतं, आणि ऐकलं तर गाणं म्हणून यथातथाच आहे, पटापट जमवलेलं ब्लूज. पण माझ्या मते हाच टेप मिळवण्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला मुद्दा आहे. टेप सापडली म्हणून आता आपण ‘यथातथा’ म्हणू शकतो. टेप नसती तर अजून त्याची पूजाच चालू असती. आठवणीला लगाम घालायला रेकॉर्डिंग लागतं, नाहीतर रसिकता आणि थापा यात फरक राहत नाही.

आणि कधी कधी आठवण खरी निघते. २६ ऑगस्ट १९७१, न्यूयॉर्कचा ए अँड आर स्टुडिओ, ऑलमन ब्रदर्स बँड, डब्ल्यूपीएलजे हे एफएम स्टेशन ते थेट प्रसारित करतंय, समोर मोजके श्रोते. दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा मित्र, सॅक्सोफोनवाला किंग कर्टिस, याचा न्यूयॉर्कमध्येच खून झालेला. बँडचा गिटारवाला ड्वेन ऑलमन त्याच्याबद्दल, त्याच्या अंत्यविधीबद्दल थोडं बोलतो. आणि ‘यू डोन्ट लव्ह मी’ वाजवता वाजवता गिटार हळूच कर्टिसच्या ‘सोल सेरेनेड’च्या सुरावटीत शिरते. मोठा आवाज नाही, दिखावा नाही, एका वादकाने दुसऱ्याची धून त्याच्याचसाठी वाजवलेली. ऑक्टोबरच्या २९ तारखेला मोटरसायकलच्या अपघातात ड्वेनही गेला, २४ वर्षांचा. हे स्टुडिओतल्या कुठल्याही अल्बमवर असं मिळणार नाही, कारण असं काही ठरवून होत नाही. लोकांनी हे रेडिओवरून टेप केलं आणि हातोहात फिरवत राहिले, कॅसेटवरून कॅसेट, तिची पुन्हा कॅसेट, आणि २०१६ मध्ये ती अख्खी मैफल अधिकृतपणे बाहेर आली.

मग आपल्याकडे काय? हा प्रश्न येणारच, आणि आपल्याकडे तर जास्तच लागू आहे कारण आपला रेडिओ सरकारी, म्हणजे लोकांच्या पैशावर चाललेला. आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू झाला, आणि शनिवारी रात्री रेकॉर्ड करायला स्पूल (टेपचं रीळ) लावून बसणारी माणसं पुण्या-मुंबईत, सांगली-कोल्हापुरात, इंदूर-ग्वाल्हेरला होती हे जुन्या रसिकांना वेगळं सांगायला नको. गिटारपुरतं बोलायचं तर फरक फार स्पष्ट दिसतो. विविध भारतीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये फिल्मी गाण्यांच्या धून लागायच्या, व्हॅन शिपली, हजारा सिंग, सुनील गांगुली यांच्या, आणि त्या अजून मिळतात कारण त्यांच्या रेकॉर्ड निघाल्या होत्या. ब्रिजभूषण काबरांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर राग मांडला, अली अकबर खाँसाहेबांकडे शिकून, शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसादांबरोबरची त्यांची १९६७ ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ घराघरात पोचली, कारण परत तेच, रेकॉर्ड होती. जे फक्त स्टुडिओतून थेट गेलं ते कुणाच्या तरी कपाटात असेल तर आहे.

आणि इथे मला आपल्याच लोकांबद्दल दोन शब्द बोलायचेत. ‘माझ्याकडे आहे, पण ऐकवणार नाही’ हा जो आपल्याकडचा संग्राहकाचा तोरा आहे ना, तो पण बंद व्हायला पाहिजे. चार मित्रांना बोलावून, दार लावून ऐकवायचं, आणि कॉपी मागितली की ‘बघू’. संग्राहक गेला की मुलं फ्लॅट रिकामा करताना स्पूल भंगारात देतात, किलोच्या भावाने. यापेक्षा बीबीसीचं पुसणं परवडलं, तिथे निदान त्या टेपवर दुसरं काहीतरी रेकॉर्ड झालं. अर्थात सगळेच तसे नाहीत, मुंबईतली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स वर्षानुवर्षं माहिती छापून वाटत आली आहे. पण ती रेकॉर्डवाली मंडळी, रेडिओच्या स्पूलवाल्यांना असं एकत्र कोण आणणार?

कायद्यात जागा आहे, लोकांना माहीत नसते एवढंच. आपल्या कॉपीराइट कायद्यात प्रसारणावरचा प्रसारकाचा हक्क २५ वर्षांचा, सादर करणाऱ्या कलाकाराचा ५० वर्षांचा, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनापासून ६० वर्षांचा. म्हणजे १९६५ साली आकाशवाणीवरून थेट गेलेल्या वादनावर प्रसारक म्हणून आकाशवाणीचा हक्क कधीच संपला, सादरीकरणाचाही संपला. रचना कोणाची हा प्रश्न चाल असेल तिथे येतो, रागाच्या आलापीत फारसा येत नाही. मग भीती कशाची आहे?

बीबीसीने २००१ मध्ये जाहीर आवाहन केलं होतं की बाबांनो, आमचं हरवलेलं तुमच्याकडे असेल तर द्या. त्यांनी ‘रेडिओ टाइम्स’चे १९२३ पासूनचे कार्यक्रम तक्ते इंटरनेटवर शोधता येतील असे करून टाकले, त्यामुळे काय वाजलं होतं हे तरी कळतं, मग त्यातलं काय उरलंय ते ताडून बघता येतं. आपल्याकडे ‘द इंडियन लिसनर’ होता, १९३५ पासून, त्यात केंद्रानुसार, वेळेनुसार कोण कधी वाजवणार ते छापलेलं असायचं. त्याचे अंक उपलब्ध आहेत. आकाशवाणीने एवढंच करावं: त्या तक्त्यांसमोर आपल्या संग्रहात काय आहे आणि काय नाही ते लिहून यादी जाहीर करावी. ‘नाही’ची यादी जास्त महत्त्वाची, कारण तीच वाचून एखादा माणूस पोटमाळ्यावर चढेल. सोबत लेखी अभय द्यावं की घरी केलेलं रेकॉर्डिंग आणून देणाऱ्यावर कसलीही कारवाई नाही, मूळ स्पूल कॉपी करून त्यालाच परत, आणि नाव हवं असेल तर नाव. प्रसार भारतीने आपल्या संग्रहातल्या सीडी काढल्या, २०१६ मध्ये ‘रागम’ ही चोवीस तासांची वाहिनी सुरू केली, हे चांगलंच आहे, पण ते सगळं स्वतःच्या कपाटातलं. लोकांच्या कपाटाकडे अजून कुणी बघितलेलं नाही.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, की फुकट फिरायला लागलं तर विकत कोण घेणार. ड्वेन ऑलमनची ती न्यूयॉर्कची रात्र पंचेचाळीस वर्षं फुकटात फिरत होती. ज्यांच्याकडे तिच्या तीन तीन घासलेल्या कॉप्या होत्या तेच लोक २०१६ मध्ये पहिल्यांदा पैसे घेऊन रांगेत आले असणार, कारण गिऱ्हाईक तयार करायचं काम त्या फुकटच्या कॅसेटनीच केलं होतं, आणि हे कंपन्यांना चांगलं कळतं, फक्त लेखी कबूल करायचं नसतं.